समुपदेशनातील 'उपदेश'

मराठीत 'कौन्सेलिंग'साठी 'समुपदेशन' हा शब्द रूढ झाला आणि त्याबरोबर एक घोटाळाही आपल्या भाषेत घर करून बसला. शब्दाची फोड केली तर 'सम्' आणि 'उपदेशन', म्हणजे चांगल्या रीतीने केलेला उपदेश. ज्या विद्येत समोरच्या माणसाला उपदेश करू नये हा धडा सर्वांत आधी शिकवला जातो, त्या विद्येला आपण उपदेशाचेच नाव दिले! इतर समाजांत या नावाने फारसे बिघडत नसेल. आपल्या ख्रिस्ती कुटुंबांत मात्र बिघडते, कारण उपदेश ऐकण्याची आपल्याला जुनी सवय आहे. दर रविवारी आपण तो वेदीवरून ऐकतो, आणि उरलेले सहा दिवस घरातली वडीलधारी मंडळी तो पुरवतात. मग कोणी म्हणाले, की अमुक मुलीला समुपदेशकाकडे न्यावे, तर घरची माणसे साहजिकच विचारतात : फादर आहेत, मिस्सा आहे, रोझरी आहे, आता आणखी उपदेश कशाला?

याच्या अगदी उलट टोकाला आपल्या मराठी बायबलमधला एक शब्द उभा आहे. संत योहानच्या शुभवर्तमानात पवित्र आत्म्यासाठी जो ग्रीक शब्द येतो, त्याचे भाषांतर काही इंग्रजी आवृत्त्यांनी 'कौन्सेलर' असे केले आहे. आपल्या जुन्या भाषांतरकारांनी तिथे 'कैवारी' हा शब्द योजला. कैवारी म्हणजे कैवार घेणारा, आपल्या बाजूने उभा राहणारा. भाषांतरकारांपुढे मानसशास्त्र नव्हते. तरीही समुपदेशकाच्या कामाचे मर्म पुढच्या शंभर वर्षांतल्या पाठ्यपुस्तकांपेक्षा त्यांनीच अधिक नेमके पकडले, असे मला वाटते.

या दोन शब्दांच्या मधल्या जागेत येशूसंघीय धर्मगुरूंनी लिहिलेली काही पुस्तके येतात. फादर जे. एम. फुस्टर यांचे 'पर्सनल कौन्सेलिंग', फादर जो करी यांचे 'द बेअरफूट कौन्सेलर' आणि फादर अँथनी डिमेलो यांचे 'साधना' हे ग्रंथ भारतातील ख्रिस्ती समुपदेशनाचा पाया मानले जातात. धर्मगुरूंच्या आणि धर्मभगिनींच्या कपाटांत ते हमखास सापडतात. त्यांची परीक्षा वातानुकूलित सभागृहात करण्यापेक्षा महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांत करावी, असा या लेखाचा हेतू आहे. ही जागा निवडण्याचे कारण उघड आहे.

सावित्री नदी महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावते आणि पोलादपूर, महाड करीत बाणकोटच्या खाडीला मिळते. तिच्या खोऱ्याने गेल्या वीस वर्षांत जे पाहिले ते एखाद्या जिल्ह्याच्या वाट्याला शतकातही येऊ नये. जुलै २००५ च्या अतिवृष्टीत दासगाव, जुई, रोहण, कोंडिवते या गावांवर डोंगर खाली आला. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा ब्रिटिश काळातला पूल वाहून गेला, आणि त्याबरोबर जयगड-मुंबई व राजापूर-बोरिवली या एस.टी.च्या दोन गाड्या आणि इतर वाहने सावित्रीत गडप झाली. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची सहलीची बस पोलादपूर-महाबळेश्वर मार्गावरच्या आंबेनळी घाटात कोसळली. बसमधला एकच जण वाचला. २४ ऑगस्ट २०२० रोजी खुद्द महाड शहरात एक पाच मजली इमारत पडून १६ माणसे गेली. २२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातील तळीये गावावर दरड कोसळली आणि ८० हून अधिक माणसे मरण पावली. त्याच दिवशी पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि सुतारवाडी येथेही डोंगराने माणसे गिळली.

अशी बातमी आली की आपली धर्मग्रामे मागे राहत नाहीत. तांदूळ, चादरी, भांडी, औषधे गोळा होतात, टेम्पो भरले जातात, तरुण मंडळी रात्रीचा प्रवास करून जातात. याचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. पण टेम्पो परत फिरल्यावर त्या वाडीत जे उरते, त्याचे काय? ज्याला झोप लागत नाही, पाऊस वाढला की जो घराबाहेर येऊन डोंगराकडे पाहत बसतो, त्याला काय द्यायचे? तिथे आपल्या पिशवीत दोनच वस्तू असतात : एक आपला विश्वास, आणि दुसरी कोणी शिकलेले असेल तर समुपदेशन. या दोन वस्तू एकमेकींना पूरक ठरतात की एकमेकींच्या आड येतात, हे तिथे कळते.

ख्रिस्तसभेने तत्त्वतः हा प्रश्न केव्हाच सोडवला आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ७ डिसेंबर १९६५ रोजी प्रसिद्ध केलेल्या 'गॉदियुम एत् स्पेस' या दस्तऐवजाच्या ६२ व्या परिच्छेदात म्हटले आहे, की मेषपालीय कार्यात केवळ ईशज्ञानाचीच नव्हे, तर मानसशास्त्र आणि समाजशास्त्र यांसारख्या लौकिक शास्त्रांच्या निष्कर्षांचीही दखल घ्यावी आणि त्यांचा उपयोग करावा. साठ वर्षे उलटली. तरीही एखादी बाई नैराश्याची गोळी घेते हे कळले, की 'तिचा विश्वास कमी पडला' असे म्हणणारे आपल्यात आहेत. मधुमेहाच्या गोळीबद्दल असे कोणी म्हणत नाही.

दुसऱ्या बाजूचा पूर्वग्रहही लपवू नये. महाराष्ट्रात विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धती रुजवण्याचे मोठे काम किशोर फडके यांनी केले. या पद्धतीचे जनक अल्बर्ट एलिस हे स्वतः निरीश्वरवादी होते. कट्टर धार्मिकता आणि भावनिक अस्वास्थ्य यांना ते बराच काळ एकाच तराजूत घालीत. पण हेच एलिस पुढे बदलले. धार्मिक माणसाच्या श्रद्धेचा आदर राखून त्याच्यावर उपचार कसे करावेत, या विषयावरचा ग्रंथ त्यांनी २००१ मध्ये दोन सहलेखकांबरोबर सिद्ध केला. गुरू बदलला, पण काही शिष्य अजून जुन्याच पाठावर आहेत. देवाचे नाव काढताच ज्याच्या कपाळावर आठी चढते, असा समुपदेशक पोलादपूरच्या माळकरी घरात काय ऐकणार?

आता पुस्तकांकडे वळू. फुस्टर यांचे पुस्तक पद्धतशीर आहे, शिक्षकी आहे, आणि थोडे कोरडे आहे. ऐकणे म्हणजे काय, समोरच्याची भावना आपल्या शब्दांत त्याच्यापुढे कशी ठेवावी, घाईने निष्कर्ष का काढू नये, हे ते शिकवते. त्यामागे कार्ल रॉजर्स यांची विचारसरणी आहे हे चटकन लक्षात येते. रॉजर्स तरुणपणी न्यूयॉर्कच्या युनियन सेमिनरीत धर्मशिक्षण घेत होते आणि ते सोडून मानसशास्त्राकडे वळले, ही गोष्ट या संदर्भात बोलकी आहे. पण येशूसंघीयांना रॉजर्सकडे जाण्याचीही तशी गरज नव्हती. संत इग्नेशियस लोयोला यांच्या १५४८ मध्ये छापल्या गेलेल्या 'आध्यात्मिक व्यायाम' या ग्रंथात आरंभीच्या सूचनांपैकी पंधरावी सूचना अशी आहे, की मार्गदर्शकाने साधकाला एका बाजूला किंवा दुसऱ्या बाजूला झुकवू नये. तराजूच्या काट्यासारखे मधोमध राहावे आणि निर्मात्याला त्याच्या निर्मितीशी थेट बोलू द्यावे. आध्यात्मिक संवादात शिरणाऱ्या माणसाने स्वतःचे मत आवरावे, ही शिस्त चारशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या संताची आहे. समुपदेशन हा पाश्चात्त्य निधर्मी विद्येचा शोध, आणि विश्वासूंनी तो संशयाने पाहावा, असे म्हणणाऱ्यांनी ही सूचना एकदा वाचावी.

करी यांच्या पुस्तकाचे नावच त्याचे प्रयोजन सांगते. अनवाणी समुपदेशक म्हणजे पदव्यांचे जोडे न घातलेला, गावातलाच माणूस. साध्या, थोडक्या कौशल्यांनी सामान्य माणूसही दुसऱ्याला मदत करू शकतो, हा त्यांचा भरवसा. पुस्तक छोटे आहे आणि त्यातले इंग्रजी सोपे आहे. मला या तिघांत महाड-पोलादपूरला सर्वांत उपयोगी पडेल असे पुस्तक हेच वाटते. त्याच्या या भरवशाला पुढे शास्त्रीय आधारही मिळाला, पण त्याकडे नंतर येतो.

डिमेलो यांची गोष्ट वेगळी. मुंबईत १९३१ मध्ये जन्मलेले, शिकागोला समुपदेशन शिकलेले, पुण्याला आणि पुढे लोणावळ्याला 'साधना' ही मेषपालीय समुपदेशनाची संस्था उभारणारे हे धर्मगुरू २ जून १९८७ रोजी न्यूयॉर्क येथे अकस्मात निवर्तले. बोरघाटाच्या माथ्यावर बसून त्यांनी भारतभरच्या व्रतस्थांना घडवले. 'साधना : अ वे टु गॉड' हा त्यांचा ग्रंथ १९७८ चा. त्यात ४७ ध्यानाभ्यास आहेत. जाणीव, कल्पना आणि भक्ती अशा तीन भागांत ते विभागले आहेत. श्वासाकडे लक्ष देण्यापासून येशूच्या नामजपापर्यंतचा हा प्रवास आहे. बौद्ध विपश्यना, हिंदू नामस्मरण, इग्नेशियस यांची कल्पनाध्याने आणि अमेरिकेतली गेस्टाल्ट चिकित्सा इतक्या प्रवाहांचे पाणी एका ओंजळीत घेणारा दुसरा ख्रिस्ती लेखक आपल्याकडे झाला नाही. भाषा अशी, की पुस्तक हाती धरले की वाचक डोळे मिटतोच.

या ग्रंथातला 'रिकामी खुर्ची' हा अभ्यास प्रसिद्ध आहे. एक धर्मगुरू एका आजारी माणसाला भेटायला जातो. पलंगाजवळ एक रिकामी खुर्ची ठेवलेली असते. आजारी माणूस सांगतो, की त्याला प्रार्थना जमत नसे, तेव्हा कोणीतरी सुचवले, की समोर खुर्ची ठेव, तिथे येशू बसला आहे असे समज आणि त्याच्याशी बोल. काही दिवसांनी त्याची मुलगी येऊन वडील वारल्याचे सांगते. त्यांचे डोके पलंगावर नव्हते, शेजारच्या खुर्चीवर टेकलेले होते. ही गोष्ट वाचून ज्याचे मन हलत नाही तो विरळा. पण समीक्षकाने इथे थोडे थांबले पाहिजे. रिकामी खुर्ची ही गेस्टाल्ट चिकित्सेचे प्रवर्तक फ्रिट्झ पर्ल्स यांचीही एक विख्यात युक्ती. त्यांच्याकडे त्या खुर्चीवर येशू बसत नाही. तिथे बसतात ज्याच्याशी बोलायचे राहून गेले ती माणसे. बाप, गेलेली पत्नी, ज्याच्यावर राग आहे तो भाऊ. पर्ल्सच्या खुर्चीवर माणसाचे अपुरे राहिलेले दुःख बसते आणि डिमेलोंच्या खुर्चीवर प्रभू. विश्वास आणि समुपदेशन यांच्या सहकार्याचा सगळा प्रश्न मला या एका खुर्चीत सामावलेला दिसतो. माझे मत असे, की खुर्ची आधी पर्ल्सची असावी. ज्या घरात सावित्रीत गेलेल्या मुलाची जागा रिकामी आहे, तिथे त्या जागेवर घाईघाईने येशूला नेऊन बसवणे हा भक्तीचा अतिरेक नव्हे. तो मुलाच्या आठवणीला घराबाहेर काढण्याचा प्रकार आहे. आईला आधी मुलाशी बोलू द्यावे. प्रभू थांबतो. लाजरच्या कबरीपाशीही तो आधी रडला, मग बोलला. आणि आपण काय करणार आहोत हे त्याला ठाऊक होते.

'साधना'तले आणखी एक अंग मला महाडमध्ये नेण्याच्या योग्यतेचे वाटत नाही. कल्पनाध्यानाच्या भागात स्वतःच्या मृत्यूची, स्वतःच्या निष्प्राण देहाची कल्पना करण्याचे अभ्यास आहेत. बौद्ध परंपरेतून आलेली ही ध्याने शांत चित्ताच्या साधकाला आसक्तीतून मोकळे करू शकतात. पण ज्याने आपल्या हातांनी चिखलातून देह ओढून काढले त्याला कल्पनेची गरजच उरलेली नाही. ते चित्र त्याच्या डोळ्यांसमोर न बोलावता येते. आघातानंतर लगेच माणसाला सगळे पुन्हा सांगायला लावणारी एकाच बैठकीची पद्धत एके काळी फार लोकप्रिय होती. पुढे तपासण्या झाल्या तेव्हा तिचा लाभ दिसला नाही, आणि काहींना अपायच झाल्याचे आढळले. म्हणून २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने क्षेत्रकार्यकर्त्यांसाठी जी पुस्तिका काढली, तिचे सूत्र वेगळे आहे : आधी परिस्थिती नीट पाहा, मग ऐका, मग माणसाला त्याच्या माणसांशी आणि मिळणाऱ्या सेवांशी जोडून द्या. खोदून काही विचारू नये. डिमेलो हे विश्रांतगृहात निवांत बसलेल्या व्रतस्थांसाठी लिहीत होते. हा त्यांचा दोष नव्हे, पण त्यांचे पुस्तक घेऊन दरडीकडे निघालेल्या स्वयंसेवकाने ही गोष्ट विसरू नये.

त्यांच्या उत्तरायुष्यातील भाषणांवरून, मृत्यूनंतर १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'अवेअरनेस'मध्ये तर स्वर आणखी कठोर आहे. माणूस झोपला आहे, जागा हो. दुःखाचे मूळ आसक्तीत आहे, असा तिथला आग्रह. तत्त्व म्हणून ते कोणी खोडू नये. पण सांत्वन म्हणून ते ईयोबच्या मित्रांच्या तोंडी शोभण्यासारखे आहे. ते मित्र सात दिवस आणि सात रात्री ईयोबजवळ जमिनीवर मुकाट बसले, तोवर ते उत्तम समुपदेशक होते. त्यांनी तोंड उघडले आणि सगळे बिघडले. २४ जून १९९८ च्या सूचनापत्रात व्हॅटिकनच्या धर्मतत्त्व-विभागाने डिमेलो यांच्या लेखनातील काही भूमिका कॅथलिक श्रद्धेशी विसंगत असल्याचे जाहीर केले, आणि पौर्वात्य शहाणपणाचे जे चांगले अंश त्यांत आहेत त्यांचीही नोंद घेतली. तो वाद ईशज्ञानाचा होता. माझा आक्षेप त्याहून साधा आहे. शोकात बुडालेल्या माणसाला शोक करण्याचा हक्क नाकारणारे कोणतेही तत्त्वज्ञान, ते पूर्वेचे असो की पश्चिमेचे, कैवाऱ्याच्या कामाचे नाही.

मग विश्वासाने तिथे करायचे काय? या बाबतीत विश्वासाजवळ असे काही आहे जे कोणत्याही समुपदेशकाजवळ नाही. सावित्रीत वाहून गेलेल्यांपैकी काहींचे देह समुद्राच्या मुखापर्यंत जाऊन सापडले, काहींचा पत्ता कधीच लागला नाही. तळीयेतही काही दिवसांनी शोध थांबवावा लागला आणि जे मिळाले नाहीत त्यांना मृत घोषित करण्यात आले. २०२३ मध्ये याच जिल्ह्यात इर्शाळवाडीला पुन्हा तेच घडले. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉलिन बॉस यांनी १९९९ च्या आपल्या ग्रंथात अशा दुःखाला वेगळे स्थान दिले आहे. माणूस गेला आहे पण देह नाही, म्हणून शोकाला सुरुवातच होत नाही. आशा आणि निराशा यांच्यामध्ये घर लटकत राहते. अशा कुटुंबाला 'आता विसर' म्हणू नये आणि 'येईल हो' असेही म्हणू नये, असे त्या सांगतात. दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात धरायला त्याला मदत करावी. हे समुपदेशनाने ओळखले. पण न सापडलेल्याला निरोप द्यायचा कसा, याचा विधी समुपदेशनाजवळ नाही. तो धर्माजवळ आहे. आपल्याकडे देहावाचूनही मृतासाठी मिस्सा अर्पण करता येते; २ नोव्हेंबरला कबर नसलेल्यांसाठीही प्रार्थना होते. हिंदू परंपरेत देह न मिळालेल्याचा पालाशविधी आहे, महाडच्या बौद्ध कुटुंबांत पुण्यानुमोदनाचा विधी आहे, आणि कोकणी मुसलमानांत गायबाना जनाजाची नमाज. डोळस समुपदेशकाने या विधींना अंधश्रद्धा म्हणून बाजूला सारू नये. देहाअभावी तुंबलेल्या शोकाला वाट करून देण्याचे काम ते पिढ्यान्‌पिढ्या करीत आले आहेत.

आणखी एक देणगी विश्वासाजवळ आहे, आणि आपण कॅथलिक तिचा वापर फार कमी करतो. कोकणात देवापुढे गाऱ्हाणे घालण्याची रीत आहे. देवाशी भांडायचे, त्याला जाब विचारायचा, 'तू असताना हे झाले कसे' म्हणून त्याच्या दारात उभे राहायचे. आपल्या स्तोत्रसंहितेतला मोठा भाग असाच गाऱ्हाण्यांचा आहे. ८८ वे स्तोत्र तर अंधारातच संपते. शेवटी दिलाशाची एकही ओळ नाही. तरी ख्रिस्तसभेने ते प्रार्थना म्हणूनच जपले. 'देवाची इच्छा' हे दोन शब्द आपण शोकाच्या घरी जितक्या सहजपणे उच्चारतो, तितक्या सहजपणे ते स्तोत्र कोणी उच्चारीत नाही. समुपदेशक माणसाला राग व्यक्त करू देतो. स्तोत्रकर्ता तो राग देवापुढे नेऊ देतो. इथे दोघे खरोखरच एका कामावर आहेत. ज्याच्या मनात देवाविषयी राग आहे त्याचा विश्वास संपला, असे मानणारा धर्मोपदेशक मात्र दोघांचेही काम उलटे फिरवतो.

समजा, तळीयेसारख्या वाडीतला एखादा चाकरमानी आहे. तो मुंबईत नोकरीला होता म्हणून वाचला. घर त्याच्याच पैशांनी बांधले, आईबापांना 'मुंबईत नको, गावी राहा' असेही त्यानेच सांगितले. आता तो म्हणतो, मीच त्यांना मारले. धर्मगुरूने इथे पापनिवेदनाचा मार्ग दाखवला तर चूक होईल, कारण हे पाप नव्हे. संस्काराने न केलेल्या पापाची क्षमा होत नाही. समुपदेशकाने 'तुझा काही दोष नाही' असे पहिल्याच दिवशी म्हटले तर तेही चालणार नाही, कारण तो माणूस ते ऐकणार नाही. त्याला त्याची हकीकत पुन्हा पुन्हा सांगू द्यावी लागेल, आणि दोष व दुःख हे वेगळे आहेत हे त्याचे त्यालाच दिसावे लागेल. त्याने खरोखर कोणावर अन्याय केला असेल, तर मात्र 'स्वतःला दोष देऊ नकोस' हे समुपदेशकाचे वाक्य पुरे पडत नाही. तिथे क्षमा मागण्याची आणि मिळवण्याची वाट विश्वासच दाखवतो. खऱ्या अपराधाला क्षमा हवी आणि खोट्या अपराधभावाला उपचार. या दोहोंची गल्लत झाली की धर्मगुरूही फसतो आणि समुपदेशकही.

गुप्ततेबाबतही सीमा स्पष्ट हवी. पापनिवेदनात ऐकलेले कोणत्याही कारणास्तव बाहेर जात नाही. कॅनन कायद्याच्या ९८३ व्या कलमाने ती मोहोर अभंग ठेवली आहे. समुपदेशकाची गुप्तता मात्र जिवाला धोका दिसला तर मोडावी लागते. म्हणून एकाच माणसाने एकाच व्यक्तीची दोन्ही कामे अंगावर घेणे शहाणपणाचे नाही. आत्महत्येच्या बाबतीत तर आपली जुनी शिकवण अनेक घरांना अजून छळते. १९१७ च्या कॅनन कायद्याने जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला ख्रिस्ती दफन नाकारले होते. १९८३ च्या कायद्यात ते कलम राहिले नाही, आणि १९९२ च्या धर्मशिक्षण-ग्रंथाने गंभीर मानसिक व्यथेमुळे जबाबदारी कमी होते हे मान्य करून अशा व्यक्तीच्या तारणाबद्दल निराश होऊ नये असे सांगितले. देशाचा २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदाही आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असेच गृहीत धरतो. ख्रिस्तसभा आणि संसद निराळ्या वाटांनी एकाच ठिकाणी आल्या. आपल्या काही ओसऱ्या अजून १९१७ मध्येच आहेत.

सर्वांत नाजूक प्रश्न राहतो. महाड-पोलादपूरमध्ये आपण ज्यांच्याजवळ जाऊन बसणार ते बहुतांशी ख्रिस्ती नाहीत. घरोघरी माळकरी आहेत, बाबासाहेबांनी १९२७ मध्ये चवदार तळ्याचे पाणी प्यायला नेलेल्यांचे वारस आहेत, मुसलमान आहेत. दुःखाने मोडलेल्या माणसाला आपला धर्म सांगणे हे मला त्याच्या दुबळेपणाचा फायदा घेण्यासारखे वाटते, आणि या बाबतीत मी कोणतीही सवलत द्यायला तयार नाही. मग ख्रिस्ती समुपदेशकाच्या 'ख्रिस्ती' असण्याला अर्थ काय उरला? अम्माऊसच्या वाटेवर पुनरुत्थित प्रभू दोन खिन्न शिष्यांना गाठतो, तेव्हा पहिल्यांदा विचारतो, तुम्ही कशाविषयी बोलत आहात? सगळे त्याला ठाऊक असताना तो विचारतो, आणि ते सांगतात ते पूर्ण ऐकून घेतो. तो कोण आहे हे त्यांना फार उशिरा, भाकर मोडताना कळते. आपण कोण हे कधीच न कळले तरी चालेल, इतका विश्वास समुपदेशकाच्या ठिकाणी असावा. माळकऱ्याला त्याच्या विठ्ठलापाशीच गाऱ्हाणे घालू द्यावे. आपला विश्वास दिसायचा तो आपण तिसऱ्या महिन्यातही पुन्हा त्या वाडीत गेलो यात, कारण तिसऱ्या महिन्यात वर्तमानपत्रे येत नाहीत.

आता करी यांच्या अनवाणी समुपदेशकाकडे परत येतो. गोव्यातील 'संगथ' या संस्थेने डॉ. विक्रम पटेल यांच्या पुढाकाराने सरकारी आरोग्यकेंद्रांत एक प्रयोग केला. वैद्यकीय पार्श्वभूमी नसलेल्या स्थानिक माणसांना काही आठवडे शिकवून नैराश्य आणि चिंताविकाराच्या रुग्णांसाठी समुपदेशक म्हणून नेमले. २०१० मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आले : सरकारी केंद्रांत येणाऱ्या रुग्णांना त्याचा स्पष्ट लाभ झाला. २०१७ च्या पुढील अभ्यासांनीही तीच दिशा दाखवली. मात्र या माणसांच्या मागे देखरेख होती, चुकले तर सांगणारे कोणी होते, आणि कठीण रुग्ण डॉक्टरकडे पाठवण्याची व्यवस्था होती. आपल्या धर्मग्रामांतले उत्साही स्वयंसेवक नेमके इथेच कमी पडतात. चांगुलपणा भरपूर, देखरेख शून्य. १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेली 'टेलि-मानस' ही सरकारी दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही मिळते. पण हा क्रमांक आपल्या किती चर्चच्या फलकांवर लिहिलेला आहे? नोव्हेनाचे वेळापत्रक मात्र सगळीकडे असते.

शेवटी भाषेबद्दल. ही तिन्ही पुस्तके इंग्रजीत लिहिली गेली आणि त्यांतली उदाहरणे वसतिगृहातल्या विद्यार्थ्यांची, मठातल्या नवसाधकांची. पोलादपूरची बाई 'मला नैराश्य आले आहे' असे म्हणत नाही. ती म्हणते, 'धसका घेतलाय', 'जीव लागत नाही', 'घशाखाली घास उतरत नाही', 'पोराचा घोर लागलाय'. या प्रत्येक बोलीत रोगनिदानाइतकाच अर्थ आहे, आणि तो ऐकण्यासाठी कान मराठी हवा. आपल्या ख्रिस्ती परंपरेत असा कान घडवणारे एक पुस्तक आहे, आणि ते कोणत्याही समुपदेशन-वर्गात लावलेले मी पाहिलेले नाही. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे'. नारायण वामन टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, त्यानंतरच्या एकटेपणाची, लोकांच्या बोलण्यांची आणि स्वतःच्या मनाच्या कोलांट्यांची हकीकत ही बाई अशी सांगते, की दुःख आणि हसू एकाच वाक्यात येतात. ती कुठेही आपल्या दुःखाला नाव देत नाही. फक्त काय घडले, कोण काय म्हणाले, मनात काय आले ते सांगते. समुपदेशकाच्या खोलीत बसणारा माणूस हेच करतो.

करी यांच्या पुस्तकाचे मराठी रूप कोणी हाती घेणार असेल, तर त्याने भाषांतर करू नये. वसतिगृहाची उदाहरणे काढून तिथे वाडी घालावी, चाकरमानी घालावा, पावसाची रात्र आणि दरडीचा आवाज घालावा. धर्मगुरू, डॉक्टर आणि गावातली अंगणवाडी ताई अशा तिघांना एकत्र बसवून प्रत्येक प्रकरण वाचून घ्यावे आणि मगच छापावे. 'समुपदेशक' या शब्दाऐवजी काय वापरावे, याचा निर्णय त्या तिघांतल्या अंगणवाडी ताईवर सोपवावा.